घड्याळ आणि धोटा

"फलाट कुठंय पण?" बाबांनी विचारलं आणि माझी पंचाईत झाली.

पाऊण तास गाडी चालवून मी त्यांना डेट्रॉईटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन दाखवायला आणलं होतं. अठरा मजली इमारत, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलचेच वास्तुरचनाकार, दोन्ही १९१३ सालची, सगळं वाटेत सांगून झालं होतं. पण लालबागमध्ये जन्म काढलेल्या माणसाला स्टेशन म्हटलं की फलाट लागतो, गर्दी लागते, निदान एक वडेवाला तरी लागतो. इथून शेवटची गाडी जानेवारी १९८८मध्ये सुटली. फोर्डने २०१८मध्ये हा सांगाडा विकत घेतला, सहा वर्षं काम चाललं आणि जून २०२४मध्ये दारं उघडली. गाड्या मात्र अजून आलेल्या नाहीत. आल्या त्या कचेऱ्या.

"म्हणजे ऑफिस," बाबांनी निकाल दिला. "आपलं व्हीटी बरं."

मलाही आतून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

खरं म्हणजे मला तोंड नाही. आम्ही नोव्हायला, डेट्रॉईटच्या उपनगरात, येऊन चौदा वर्षं झाली आणि कॉर्कटाऊनमध्ये, म्हणजे स्टेशनच्या या वस्तीत, गेल्या वर्षीपर्यंत एकदाही पाय ठेवला नव्हता. आल्या आल्या सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: शहरात जायचं नाही, गेलातच तर पेट्रोलला थांबायचं नाही. आम्ही ऐकलं, आणि पुढे आलेल्यांना तेच ऐकवलं. २०१३मध्ये शहराने दिवाळं काढलं तेव्हा "बघा, म्हटलं नव्हतं" असं म्हणणाऱ्यांत मीही होते. मुलं लहान होती, शाळा इकडे होत्या, नोकऱ्या इकडे होत्या. कोण जाणार? १९५०मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं शहर २०२०मध्ये सहा लाख चाळीस हजारांवर आलं, ते काही आमच्यामुळे नाही. आम्ही त्या साडेअठरा लाखांत कधी नव्हतोच.

आत गेल्यावर मात्र बाबा गप्प झाले. प्रतीक्षालयाचं छत कमानदार, फरशांचं. एकूण २९ हजार फरशा, आणि एवढी वर्षं पावसात, बर्फात काढूनही साधारण तेराशेच बदलाव्या लागल्या. तळघरातून लाखो गॅलन पाणी उपसलं. याच इमारतीला २००९मध्ये नगरपरिषदेने पाडायचा ठराव केला होता! दुरुस्तीत गिलाव्यामागे बियरची बाटली सापडली, आत कागद, त्यावर छताचं काम करणाऱ्या दोघांची नावं आणि 'जुलै १९१३'. बाबा हसले. "नाव टाकून ठेवलं ते बरं केलं. मालकाचं नाव काय, दारावर असतंच."

पण मला ज्या गोष्टीने हलवलं ती घड्याळाची. स्टेशन बेवारस पडलं तेव्हा लोकांनी काय नाही नेलं? तांब्याच्या नळ्या, दिवे, संगमरवर, मूठ, कडी, जे निघेल ते. फोर्डने इमारत घेतल्यावर एका निनावी माणसाचा फोन आला: स्टेशनचं घड्याळ माझ्याकडे आहे, परत करायचंय. वीसेक वर्षं त्याने ते सांभाळलं होतं. एका जळक्या इमारतीला टेकवून ठेवलंय, घेऊन जा, म्हणाला. माणसं ट्रक घेऊन गेली, घड्याळ खरंच तिथे होतं. नंतर त्याचा मेसेज आला, आभाराचा. ज्याने द्यायचं त्यानेच आभार मानले! मग फोर्डने जाहीर आवाहन केलं, आणा, काही विचारणार नाही. आणि लोकांनी आणखी वस्तू आणल्या. हे मी आजवर दहा जणांना तरी सांगितलंय. नवरा आता मी 'घड्याळ' म्हटलं की चहा करायला उठतो.

आपल्याकडे होत नाही असं? मुंबईचं ऑपेरा हाउस १९९३ला बंद पडलं, २०१६ला उघडलं. तेवीस वर्षं, इथे छत्तीस लागली. हिशोब मी केला, बाबांनी नाही. आणि फोर्डच्या तिजोरीने काय कुठलीही भिंत उभी राहील.

बाबांना घड्याळाची गोष्ट मी परतीच्या वाटेवर सांगितली. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मी काही चोरला नव्हता."

मला कळायला क्षणभर लागला. आमच्या शोकेसमध्ये, मुलांच्या पोहण्याच्या कपांशेजारी, गिरणीतला धोटा आहे, मागावर आडवा धागा नेणारा. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मी येताना आईने कपड्यांत गुंडाळून दिला होता. पाहुणे विचारतात, होडी आहे का?

"शेवटच्या पाळीला पिशवीत राहिला," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी नेणार होतो. १८ जानेवारीला, ब्याऐंशी साली, गिरण्यांचा संप लागला."

"मग?"

"मग काय मग. गिरणीच उघडली नाही."

घरी आल्यावर त्यांनी शोकेस उघडायला लावली. धोटा हातात घेतला, अंगठ्याने दोन्ही पोलादी टोकं चाचपली. एकावर किंचित गंज होता. स्वयंपाकघरातून खोबरेल मागितलं, फडक्याने पुसत बसले.

"परत करायचाय का?" मी उगाच विचारलं.

"कुणाला? मॉलच्या वॉचमनला?" फडकं थांबलं नाही. "तो विचारेल, बिल आहे का?"