ओलावा कोणासमोर मोजायचा?

आज लातूरमधील प्रशिक्षणात मला शेतकरी उत्पादक कंपनी आणि सोयाबीन प्रक्रिया उद्योजक यांच्यातील करार जुळवून देणाऱ्या मध्यस्थाची भूमिका करायची होती. वाद भावावरून होईल अशा समजुतीने मी तयारी केली होती. प्रत्यक्षात दोन्ही बाजू अडल्या त्या सोयाबीनमधील ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के असावा या अटीवर, कारण तो कोणाच्या यंत्रावर, कोणासमोर मोजायचा आणि जास्त भरल्यास कपात किती करायची, हे मसुद्यात कुठेच नव्हते. मी घाईने तोडगा सुचवला (सल्ला देण्याची जुनी खोड!) आणि प्रशिक्षकांनी मला तिथेच थांबवले. दुसऱ्या फेरीत मी केवळ प्रश्न विचारले, तेव्हा शेतकरी कंपनीच्या संचालकांच्या भूमिकेतील ताईंनीच गोदामात दोघांसमक्ष नमुना काढण्याची पद्धत मांडली. कपातीचा तक्ता मात्र अजून ठरलेला नाही. उद्याचे सत्र त्यावरच आहे.