गुहागरच्या बागेत दोन चकरा

सगळ्यात आधी आमची चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही बागेत पोचलो शनिवारी दुपारी तीनला. आंब्याची काढणी सकाळी लवकर सुरू होते आणि ऊन तापायच्या आत आटोपते. बागवाल्या काकांनी पडवीत बसवलं, कोकम सरबत दिलं आणि सरळ सांगितलं, "आता काय बघणार? उद्या साडेसहाला या." आमचा क्लब रोज पहाटे टेकडी चढणाऱ्यांचा, त्यामुळे तेवीस जणांपैकी कुणाची हरकत नव्हती. कुरकुर केली ती फक्त मिनीबसच्या चालकानं. तेव्हा शनिवार प्रवासाला, व्याडेश्वराच्या देवळाला आणि समुद्राला द्या, बाग रविवारी सकाळी.

पुण्याहून गुहागर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. साताऱ्यापुढे उंब्रजला महामार्ग सोडला आणि पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असे उतरलो. पाटणला मिसळीवर ताव मारलेल्या तिघांचे घाटात हाल झाले. मुंबईकरांनी कोकण रेल्वेनं चिपळूण गाठावं, पुढे एसटी आहे.

आम्ही गेलो मेच्या तिसऱ्या आठवड्यात. "आता काय, हापूस संपत आला," असं बरेच जण म्हणाले. पेट्यांचा हापूस हवा असेल तर त्यांचं बरोबर आहे, एप्रिलमध्ये जा. पण जाम, आंबापोळी, आमसुलं होताना बघायची असतील तर हेच दिवस. भाव उतरले की लहान, डागी, पेटीत न बसणारा आंबा किलोवर जातो. त्याला तिकडे 'कॅनिंगचा आंबा' म्हणतात. काकांकडे तो बाहेर न जाता घरामागच्या शेडमध्ये येतो.

सकाळी काढणी बघितली. लांब काठीला जाळी आणि पातं लावलेला झेला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं सुधारलेला 'नूतन झेला' देठासकट फळ कापतो. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. आमच्यातल्या एकांनी हौसेनं चार आंबे काढले, चारही बिनदेठाचे. ते निमूटपणे कॅनिंगच्या ढिगात गेले.

शेडमध्ये काकूंचं राज्य. पिकलेले आंबे कापायचे आणि आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा खराब गर, दिसला की तेवढा भाग बाजूला काढायचा. साका बाहेरून ओळखूच येत नाही, म्हणून प्रत्येक फळ कापून बघतात. किलोभर रसाला पाऊण किलो साखर, थोडं लिंबू, आणि सतत ढवळणं. रिफ्रॅक्टोमीटर या साखरेचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर ६८ आकडा आला की गॅस बंद. काकू मात्र त्याआधीच गार बशीत थेंब टाकून, बशी तिरकी करून बघतात. थेंब आणि आकडा जुळले, तेव्हा यंत्र बरोबर आहे असं काकूंनी जाहीर केलं.

अंगणात आंबापोळीची ताटं होती. तुपाचा हात फिरवून रसाचा पातळ थर, तो सुकला की दुसरा. घाई करून जाड थर दिला तर वरून सुकतो आणि आत ओला राहतो. शेजारी फणसपोळी, तीही बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचीच. काप्याचे कडक गरे तळायला जातात. दहाच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि वळवाचे थेंब पडायला लागले. मग पाहुणे-यजमान काही राहिलं नाही. तेवीस माणसं ताटं घेऊन पडवीत धावली. आख्ख्या सहलीत मला सर्वांत जास्त आवडलेली दहा मिनिटं हीच. पाऊस अर्ध्या तासात गेला, पण ताटं परत मांडायचा कंटाळा कुणी केला नाही.

रातांब्यांवर, म्हणजे कोकमाच्या फळांवर, पोरांनी उड्या मारल्या. सालं मीठ घातलेल्या रातांब्याच्याच रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे काळीभोर आमसुलं होतात. बियांचं तेल निघतं, भेगाळलेल्या टाचांना उत्तम. विकत घेताना आगळ आणि सरबताचा पाक यांत गल्लत करू नका. आगळ म्हणजे कोकमाचा खारट रस, सोलकढीसाठी. आमच्या एका मावशींनी गेल्या वर्षी कुठूनतरी आणलेल्या आगळात साखर आणि पाणी घालून नातवंडांना दिलं होतं. ती नातवंडं अजून कोकम घेत नाहीत.

रोख पैसे न्या. बागेत मोबाईलला रेंज नव्हती आणि यूपीआयवाले सगळे माझ्याकडे उसने मागत होते. जामच्या काचेच्या बाटल्यांसाठी घरून वर्तमानपत्रं आणि एखादा क्रेट न्यावा. घाटात आमच्या दोन बाटल्या फुटल्या आणि मागच्या सीटखाली पुण्यापर्यंत मुंग्या होत्या. पेटी घेतलीत तर घरी पोचल्याबरोबर उघडा आणि आंबे पेंढ्यात सुटे मांडा. आणि फणस सोलायला बसणार असाल तर आधी हाताला खोबरेल तेल लावा. मी लावलं नव्हतं. सोमवारी ऑफिसात बोटांचा चीक घासत बसलो होतो.