मनिला, १९७५

आज दुपारभर यूट्यूबवर सत्तरच्या दशकातल्या बॉक्सिंगच्या हेवीवेट फाईट्स बघत बसलो आणि अजून डोक्यातून जात नाहीयेत. सगळे मुहम्मद अलीचं नाव घेतात, घ्यायलाच हवं, पण मला आज जो फ्रेझरनेच धरून ठेवलं. ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, दोघंही तोवर अपराजित, आणि पंधराव्या राऊंडला त्याचा तो लेफ्ट हुक, अली सरळ पाठीवर! मग १९७३ मध्ये ह्याच फ्रेझरला फोरमनने किंग्स्टनला दोन राऊंडमध्ये सहा वेळा पाडला आणि त्या फोरमनला पुढच्या वर्षी किन्शासात अलीने आठव्या राऊंडला झोपवला. म्हणजे कोणीच कायमचा वर नाही, आणि कोणी कोणाला टाळतही नाही, हे मला फार आवडतं.

अली-फ्रेझरची मनिलाची फाईट मात्र बघवत नाही. चौदा राऊंड संपले तेव्हा फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ बंद झालेले, तरी तो पंधराव्यासाठी उठायला तयार, आणि त्याच्या कोचने, एडी फचने, त्याला उठूच दिलं नाही. किती मोठा माणूस! जिंकायची शक्यता असेलही, पण आपल्या पोराचा जीव आधी.

आणि हो, केन नॉर्टनला लोक विसरतात याचं खरंच वाईट वाटतं, १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं होतं त्याने, आणि तेव्हा त्याच्याही कोपऱ्यात हाच फच होता.