भामेरची लेणी: आत न जाता पाहिलेली

गेल्या ऑक्टोबरात भाच्याला घेऊन भामेरला गेलो. धुळ्याहून सुरतेच्या महामार्गाने निघालं की साक्रीच्या अलीकडे, साधारण 50 किलोमीटरवर फाटा लागतो. तिथून आत गाव, आणि गावाच्या डोक्यावरच किल्ला. अहिर राजांची ही जुनी राजधानी. डोंगराच्या पोटात ओळीने कोरलेल्या खोल्या, त्यांचे चौकोनी दरवाजे, आत खांब. एवढं पाहायलाच आम्ही आलो होतो.

भाचा नुकताच मेघालयातल्या गुहांत रांगून आलेला. पाठीवर हेडलॅम्प, पायात तेच बूट. "मामा, इथे किती आतपर्यंत जाता येतं?" हा त्याचा पहिला प्रश्न. मेघालयात चुनखडी आहे, ती पाण्यात विरघळते, म्हणून तिथे मैलोन्‌मैल गुहा होतात. आपला काळा पाषाण तसा विरघळत नाही. खानदेशात आपण ज्याला गुहा म्हणतो ती बहुतेक माणसाने छिन्नीने कोरलेली असते, आणि फार खोल नसते. खोल नसते म्हणूनच आतल्या जिवाला पळायला जागा नसते.

पहिल्या दोन खोल्या उजेडाच्या. तिसरीच्या तोंडाशी वास आला, नाकात चढणारा, नवसागरासारखा. जमिनीवर लेंड्यांचा काळा थर. भाच्याने दिवा लावला तोच मी हात धरला, पण तेवढ्यात भिंतीच्या फटीतलं एक वटवाघूळ दिसलंच. उंदरासारखी लांब, बारीक शेपटी, शरीराएवढी. पोटाच्या खालच्या अंगाला चरबीची वळी. उजेड पडताच त्याचे कान हलले, मग सगळं अंग थरथरायला लागलं. दिवा विझवून आम्ही मागे आलो.

ही वळी म्हणजे त्याची हिवाळ्याची शिदोरी. किडे कमी होतात तेव्हा ही शेपटीवाली वटवाघळं सुस्त पडून साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात. दर वेळी दचकून जागं होण्यात ती चरबी जळते.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. 2006 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली. ती बुरशी त्यांना ऐन थंडीत पुन्हा पुन्हा जागं करते, चरबी संपते आणि ती उपाशी मरतात. आजवर लाखो मेली. रोग वटवाघळाकडून वटवाघळाला जातो, पण बुरशीचे बीजाणू माणसाच्या बुटांवर, दोरांवर बसूनही दूर जाऊ शकतात. म्हणून 2009 पासून तिथे कितीतरी सरकारी गुहा लोकांना बंद झाल्या. गुहांत रमणाऱ्यांना ते जड गेलं, पण मला ते पटतं. ती बुरशी 20 अंशांच्या वर वाढत नाही, त्यामुळे आपल्या उन्हातल्या लेण्यांना तिची भीती कमी. पण जागं करायचं जे काम तिथे बुरशी करते, ते इथे आपली बॅटरी करते.

मी स्वतः ते केलंय. सहा वर्षांपूर्वी, जूनमध्ये, अशाच एका लेण्यात आम्ही पाच जण बॅटऱ्या घेऊन घुसलो. सगळा थवा उठला. खाली एक उघडंबोडकं, गुलाबी पिल्लू पडलं, बोटाच्या पेराएवढं. उचलावं की नाही तेही कळेना. त्याचं चिरचिरणं अजून कानात आहे.

तेव्हा जाणाऱ्यांना सांगतो: जून-जुलैत पिल्लं असतात, अंधाऱ्या खोल्यांकडे अजिबात जाऊ नका. हिवाळ्यात गडावर जरूर जा, पण वास आला की उंबऱ्यावरच थांबा. फ्लॅश नको, धूर नको, आरडाओरड नको. लेंड्यांची धूळ फुफ्फुसाला वाईट, मास्क बरोबर ठेवा. वटवाघूळ पडलेलं दिसलं तरी उघड्या हाताने उचलू नका. चावलं, ओरखडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन तडक दवाखान्यात जा, रेबीजची लस घ्या. दुसऱ्या गुहेतले बूट-कपडे न धुता आणू नका. बाहेरदेशी गुहा पाहून आला असाल तर ते सामान इथे आणूच नका. धुण्याचा तिकडचा नियम असा की 55 अंशांच्या पाण्यात वस्तू 20 मिनिटं बुडवून ठेवायची. आपल्या बंबाचं कढत पाणी त्याला पुरतं, पण अंदाजाने नको, थर्मामीटर लावा. पाणी आणि भाकरी खालूनच न्या.

उतरताना गावातले एक आजोबा भेटले. "मजार गयथात का?" म्हणजे आत गेला होतात का, असं त्यांनी अहिराणीत विचारलं. मी नाही म्हटलं. ते हसले आणि ओट्यावर बसायला सांगितलं. सूर्य बुडाला, आणि दहा मिनिटांत डोंगराच्या त्या काळ्या चौकटींतून एकेक करत ती बाहेर पडायला लागली, थेट खालच्या कपाशीवर. भाच्याने तीनशेपर्यंत मोजली, मग अंधार झाला.