‘डार्कलिंग’मधलं ‘इंग’ फसवं आहे

इंग्रजी कवितेतला ‘डार्कलिंग’ शब्द पाहिला की बहुतेकांना तो ‘डार्कनिंग’चा भाऊ वाटतो: अंधारत जाणारं काहीतरी. तसा तो नाही. याची फोड ‘डार्क’ अधिक ‘लिंग’ अशी होते, आणि हा ‘लिंग’ ‘डकलिंग’मधला लहानपणा दाखवणाराही नव्हे. जुन्या इंग्रजीत तो क्रियाविशेषण घडवायचा. म्हणून मूळ अर्थ सरळ ‘अंधारात’. पुढे लोकांनी शेवटचा ‘इंग’ क्रियापदाचा समजून ‘डार्कल’ असं क्रियापदच पाडलं. ‘ग्रॉव्हेलिंग’चंही असंच झालं: आधी ‘पालथं’ या अर्थाचं क्रियाविशेषण, मग त्यातून ‘ग्रॉव्हेल’ (लोटांगण घालणं) हे क्रियापद.

ओळखायची युक्ती: शब्दाच्या जागी ‘इन द डार्क’ घालून वाचा. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकात विदूषक म्हणतो, मेणबत्ती विझली आणि ‘वी वेअर लेफ्ट डार्कलिंग’. चपखल बसतं. मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या (1667) तिसऱ्या सर्गात जागा पक्षी ‘सिंग्ज डार्कलिंग’. तो सर्ग रचणारा मिल्टन तेव्हा आंधळा होता, हे लक्षात ठेवून ती ओळ वाचावी. कवी कीट्सने 1819मध्ये नाइटिंगेलवरच्या कवितेत ‘डार्कलिंग आय लिसन’ लिहिलं आणि अंधार पक्ष्याकडून ऐकणाऱ्याकडे आणला. माझ्या मते या शब्दाचा यापेक्षा सुंदर वापर नाही. इथे ‘काळवंडत मी ऐकतो’ असं भाषांतर केलं की सगळंच बिघडतं.

अर्नल्डच्या ‘डोव्हर बीच’ या कवितेत (1867) मात्र युक्ती चालत नाही. ‘अ डार्कलिंग प्लेन’ म्हणजे काळोखं मैदान. शब्द विशेषण झालेला आहे. हार्डीच्या ‘द डार्कलिंग थ्रश’ या कवितेतही (1900) व्याकरणाने विशेषणच, पण थ्रश पक्षी काही काळा नाही. तो सरत्या उजेडात गातो, म्हणजे जुना ‘अंधारात’ आत शिल्लक आहे. शिवाय पुन्हा पक्षीच! मिल्टन आणि कीट्स ठाऊक असलेल्या वाचकाला ते शीर्षकातच ऐकू येतं.

स्वतः वापरायचा तर ऐकणं, गाणं, वाट पाहणं अशा क्रियापदाशेजारी ठेवावा. ‘डार्कलिंग स्काय’ शब्दकोशाला चालेल, पण तिथे ‘डार्क’नेही भागलं असतं. आणि त्याच वाक्यात ‘ग्लूम’, ‘शॅडो’ नकोत. अंधार आधीच आलेला असतो.