काळ्या रानासाठी मागचे टायर निवडताना : माझा अनुभव

ट्रॅक्टर कुठला घ्यावा यावर आमच्याकडं पारावर तासन् तास बोलणं होतं. टायर कुठला घालावा यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. दुकानात जायचं, साईज सांगायची, भाव पाडायचा आणि गाडीत टाकून आणायचं. इंजिनाची सगळी ताकद शेवटी त्या रबराच्या जमिनीला टेकलेल्या जागेतूनच जमिनीत उतरते, म्हणून यंदा मागची जोडी बदलताना मी जरा खोलात शिरलो. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी ज्यांची मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची रानं आहेत त्यांना याचा उपयोग होईल असं वाटतं.

माझा ट्रॅक्टर ४५ एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे ओढ फक्त मागच्या चाकांना. मागं कंपनीचेच १३.६-२८ टायर होते. म्हणजे टायरची रुंदी १३.६ इंच आणि रिम २८ इंचांची. टायरवरच्या उंच रबरी पट्ट्या झिजून पार गुळगुळीत झाल्या होत्या. पल्टी नांगर लावला की चाक जागेवर फिरायचं आणि डिझेलचा काटा खाली पळायचा. उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली काढताना तर दुसरा ट्रॅक्टर पुढं जोडावा लागायचा.

दुकानात जायच्या आधी चाक नेमकं किती घसरतंय ते मोजलं. हे कुणालाही जमतं. चाकाच्या बाजूला खडूनं रेघ मारायची. ट्रॅक्टर त्याच रानात नांगर उचलून चालवायचा आणि चाकाच्या १० फेऱ्यांत किती अंतर जातं ते टेपनं मोजायचं. मग नांगर लावून परत १० फेऱ्या. माझं मोकळं अंतर ३८ मीटर भरलं आणि नांगर लावल्यावर ३०. म्हणजे २१ टक्के घसरण. टू व्हील ड्राइव्हला घट्ट रानात १० ते १५ टक्के घसरण चांगली समजतात. त्याच्या वर गेलं की डिझेल आणि रबर दोन्ही मातीत जातं. अजिबात घसरत नसेल तर तेही बरं नव्हे. मग ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे असं समजावं.

त्याच सुमारास दुबईला असलेल्या माझ्या मावसभावानं वाळवंटातल्या क्वाड बाईकचा, म्हणजे चार चाकांच्या मोटारसायकलचा व्हिडिओ पाठवला. मागच्या चाकांना वल्ह्यासारखी आडवी रबरी पाती, त्यांना पॅडल टायर म्हणतात. वाळूच्या उभ्या चढावर ती गाडी अशी चढत होती की मी तो व्हिडिओ परत परत बघितला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, वाळूला धरायला काही नसतंय. म्हणून पात्यानं वाळू ओंजळीत घ्यायची आणि मागं फेकायची. इंजिन दमदार असंल तर पाती जास्त नि उंच. इंजिन लहान असंल तर पाती कमी, न्हाईतर ते दमतंय. हवा एकदम कमी ठेवायची. आणि हे टायर कडक रस्त्यावर न्यायचंच न्हाई, पाती फाटत्यात."

त्याच्या बोलण्यावरून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. वाळू पात्यातून आपोआप गळून पडते, आपली काळी माती पडत नाही. ती ओली झाली की फुगते आणि चिकटते. दोन पट्ट्यांमधली जागा एकदा चिखलानं भरली की टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. मग पट्टी दोन इंच उंच असो की चार, जमिनीला लागतो तो चिखलच. म्हणून आमच्या रानाला पट्टी किती उंच यापेक्षा टायर चिखल किती लवकर झाडतो हे महत्त्वाचं. दुकानदारांना मी हाच प्रश्न विचारत गेलो.

सांगलीतल्या एका दुकानात मला सगळ्यात उंच पट्ट्यांचा टायर दाखवला. साध्या शेती टायरवर आर-१ लिहिलेलं असतं. त्यापेक्षा पाव हिश्श्यानं उंच पट्टी असेल तर आर-१डब्ल्यू, आणि जवळपास दुप्पट उंच असेल तर आर-२. "मालक, हा घाला, चिखलातनं हत्ती वडून काढतोय," दुकानदार म्हणाला. टायर खरंच दणकट होता. शिराळ्याकडं भाताची चिखलणी करणाऱ्याला मी तोच घे म्हणेन. तिकडं पाण्यात रानच मऊ असतं, काही जण तर केजव्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्याचं चाक लावतात. माझं काम वेगळं आहे. हंगामात माझा ट्रॅक्टर फडापेक्षा डांबरी रस्त्यावर जास्त असतो. ऊस भरला की कारखान्यापर्यंत जाऊन यायचं. डांबरावर उंच पट्टी लवचते, गरम होते आणि भराभर झिजते. वर खडखडाट वेगळा. मावसभावाच्या पात्यांचं जे होतं, तेच इथं जरा सावकाश होतं.

मग घरी बसून वर्षाच्या कामाची वाटणी केली : नांगरट किती, रोटर (रोटाव्हेटर) किती, सरी किती, ऊस वाहतूक किती. अर्ध्याहून जास्त तास वाहतुकीचे निघाले. तिथंच आर-२ बाद झाला.

शेजारचे तात्या म्हणाले, "आरं, पट्टीचं जाऊ दे, रुंदी वाढव. मळीच्या रानात टेकायला जागा पायजे." त्यांचं म्हणणं मला पटलं. १३.६ च्या जागी १४.९-२८ घातला तर टायर रुंद होतो, थोडा उंचही होतो. वजन जास्त जागेवर पसरतं, हवा कमी ठेवता येते. जमिनीच्या वरच्या थरावर पडणारा दाब साधारण टायरातल्या हवेच्या दाबाएवढा असतो, हे ध्यानात ठेवावं. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत येणारं पीक, राखायचा असेल तर हे फार जपावं लागतं. फडात ट्रॉली गेली की चाकोरीतले बुडखे दबतात, फुटवे कमी येतात, आणि ते नुकसान पुढं वर्षभर दिसतं.

मोठी साईज घालण्याआधी मात्र तीन गोष्टी बघाव्यात. आपल्या रिमच्या रुंदीवर तो टायर चालतो का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतं. मडगार्डला घासत नाही ना, ते बघावं. आणि ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह असेल तर एकट्या मागच्या चाकाची साईज बदलू नये. पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचं गणित गिअरमध्ये बांधलेलं असतं, ते बिघडलं की गिअरवर ताण येतो. माझा टू व्हील, म्हणून ही अडचण नव्हती.

शेवटी १४.९-२८, आर-१, कडेला पट्ट्यांमध्ये मोकळी जागा असलेला टायर ठरवला. दुकानात पट्ट्यांच्या मधे हात घालून बघितला. तळाशी कोपरा चौकोनी असेल तर माती तिथं धरून बसते, गोलाई असेल तर सुटते. माझ्या मते खरेदीतली सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि तिला पैसे पडत नाहीत. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२२४ म्हणजे २०२४ सालचा बाविसावा आठवडा. मला पहिल्या दुकानात दिलेल्या जोडीतला एक टायर दुसऱ्यापेक्षा बराच जुना होता, म्हणून ती जोडी सोडली.

बसवताना मी स्वतः उभा राहिलो. बाजूच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून बघितलं तर पट्ट्यांचं टोक वर दिसलं पाहिजे. मग जमिनीला आधी मधला भाग टेकतो, नंतर कडा, आणि चिखल बाहेर ढकलला जातो. उलटा बसला तर तोच चिखल आत गोळा होतो. ट्यूब नव्याच टाकल्या. हवा भरायचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून तिथपर्यंत पाणी भरलं, म्हणजे टायर पाऊण भरतो. एका टायरात दोनशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, तेवढं वजन चाकावर येतं आणि चाक कमी घसरतं. शेतात १२ ते १४ पौंड हवा ठेवतो, वाहतुकीला तक्त्याप्रमाणे वाढवतो. हे रोज करायला कंटाळा येतो, पण कमी हवेवर भरली ट्रॉली ओढली तर टायरची भिंत चुरगळते.

घात, म्हणजे मशागतीजोगी ओल आल्यावर त्याच रानात, त्याच नांगरानं परत मोजलं. मोकळं ४१ मीटर, नांगर लावून साडेपस्तीस. घसरण १३ टक्क्यांवर आली. पाणी दिलेल्या फडात पहिली ट्रॉली काढली तेव्हा तात्या बांधावर उभे होते. चाक दोन वेढे भरलं आणि पुढच्या वेढ्याला चिखलाची ढेकळं कडेनं बाहेर उडाली. दुसरा ट्रॅक्टर बोलवायची गरज पडली नाही. अगदी लोण्यासारख्या चिखलात मात्र हाही टायर फसतो, तिथं पाचट (उसाचा वाळला पाला) टाकून वाट करतो किंवा रान सुकू देतो.

आता पुढची जोडी राहिलीय. दुकानदार तिथंही आडव्या पट्ट्यांचा टायर सुचवतो, पण टू व्हीलला पुढच्या चाकानं ओढायचं नसतं, वळायचं असतं. वाळूतल्या त्या क्वाडलाही पुढं पाती नव्हती, मधोमध चाकाच्या घेरानं जाणारी एक उभी कड होती, तीच वाळूत रुतून गाडी वळवते. म्हणून पुढं मी उभ्या तीन पट्ट्यांचा ६.००-१६ च घालणार आहे. कारखान्याचा बॉयलर पेटून गाळप सुरू व्हायच्या आधी तेवढं उरकायचंय.