आई खोलीतूनच डोंगर बघणार आहे

आई आमच्याकडे जपानला येणार आहे. काल तिने फोनवर सहज सांगून टाकले की, कुसात्सुच्या गरम झऱ्यांवर गेल्यावर तुम्ही सगळे आंघोळीला जा, मी आपली खोलीतूनच डोंगर बघेन. तिच्या आवाजात रुसवा नव्हता, खंत नव्हती, मी आग्रह करावा अशी अपेक्षाही नव्हती. पुढच्याच वाक्याला तिने मेतकूट किती आणू असे विचारले आणि मी अर्धा किलो पुरे म्हणून सांगितले. फोन ठेवल्यापासून मात्र ते वाक्य मनातून जात नाही. अभय म्हणाला, “त्यांना नसेल आवडत, त्यात एवढे काय?” त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आईला गरम पाणी आवडत नाही हे मी कसे मान्य करू? दापोलीकडे आजोळी गेलो की उन्हवऱ्याच्या कुंडावर जाण्याचा हट्ट आम्हा मुलांचा नसे, तिचा असे. तिथे बायकांचे कुंड वेगळे आहे. गंधकाच्या वासाने आम्ही नाके मुरडत काठावर उभे राहत असू आणि आई नेसत्या साडीनिशी, एकेका पायरीवर थांबत, पाण्याची ऊब अंगात मुरू देत खाली उतरायची आणि गळाभर पाण्यात गेल्यावर डोळे मिटून घ्यायची. मामी हाका मारून दमली तरी ती बाहेर येत नसे. शेवटी काठावर येऊन पदर पिळू लागली की तिची बोटे लालबुंद दिसत, आणि चेहऱ्यावर जे निवांतपण असे ते घरी सणासुदीलाही मी कधी पाहिले नाही. इथे आल्यापासून तिला काही दाखवावे असे मला मनापासून वाटले असेल तर ते डोंगरातले हे पाणी.

कुसात्सु गुन्मा प्रांतात सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तोक्योच्या उएनो स्थानकातून सुटणारी कुसात्सु-शिमा ही गाडी सव्वादोन-अडीच तासांत डोंगराखाली सोडते आणि तिथून बस वळणे घेत वर चढते. गावाच्या मधोमध युबाताके नावाचे वाफाळते आवार आहे. जमिनीतून उसळणारे पाणी तिथे लाकडी पन्हळींमधून खेळवून निववतात आणि पन्हळींत साचलेले पिवळसर गंधक खरवडून गोळा करतात. साऱ्या गावात मिळून मिनिटाला ३२ हजार लिटरहून अधिक पाणी आपोआप वर येते. ते फार कढत असते, पण गार पाणी मिसळले तर त्याचा कस जातो, म्हणून लांब फळ्यांनी घुसळून ते आंघोळीजोगे करण्याची तिथली जुनी रीत आहे. युबाताकेच्या शेजारीच नेत्सुनोयु नावाच्या घरात बायका आजही गाणे म्हणत हे पाणी घुसळून दाखवतात. आईला जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत. फळ्यांच्या त्या तालावर ती कोणती ओवी म्हणेल, इथपर्यंत मी मनाशी ठरवून ठेवले होते.

आणि तिने एका वाक्यात स्वतःला या सगळ्यातून वगळून टाकले. गेल्या वर्षी तिच्या स्तनाचे ऑपरेशन झाले तेव्हाही असेच झाले होते. मला कुणी काही विचारले नाही; टाके निघाल्यावर मावशीने कळवले आणि “तू एवढ्या लांबून येऊन काय करणार होतीस?” अशी पुस्तीही जोडली. नंतर किरणांचा शेक चालू होता तेव्हा आई फोनच्या पडद्यावर यायची ती खांद्यावरून शाल घेऊनच, भर मे महिन्यात. मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. लांब राहणाऱ्या मुलीला आईची खुशाली तेवढी कळवायची असते, असे घरात कधी आणि कुणी ठरवले हे मला ठाऊक नाही. दादाविषयी आज काही लिहीत नाही.

तिने तसे का म्हटले असेल, याकडेच मन पुन्हा पुन्हा वळते. मागच्या रविवारी चिनूने तिला इथल्या स्नानगृहांचे नियम मोठ्या उत्साहाने सांगितले होते. बायकांचे आणि पुरुषांचे कुंड वेगळे असते, अंगावर एकही कपडा ठेवायचा नसतो, पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही, आधी लहानशा स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचे आणि मगच पाण्यात उतरायचे, आणि हातातला पंचा डोक्यावर ठेवला तरी चालेल, पण पाण्याला लागू द्यायचा नाही. आई सगळे ऐकून “हो का?” एवढेच म्हणाली होती. उन्हवऱ्याला नेसत्या साडीनिशी उतरणाऱ्या बाईला अनोळखी बायकांपुढे असे उघडे होणे एरवीसुद्धा जड गेले असते. आता तर तिने आरशासमोरचा दिवाही बदलून मंद लावला आहे, असे मावशी सांगते.

म्हणून कालपासून मी त्याच शोधात होते. स्तनाचे ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी इथे आंघोळीचे खास वस्त्र मिळते. ते खांद्यावरून घेऊन छाती झाकते, हलके असते आणि त्यातून पाणी चटकन निथळते. पाण्यात उतरण्यापूर्वी अंगावरचा आणि वस्त्रावरचा साबण नीट धुतला, तर ते घालून सार्वजनिक कुंडात उतरण्यात स्वच्छतेची काही अडचण नाही, असे इथल्या आरोग्य मंत्रालयानेच स्नानगृहांना आणि लोकांना सांगितलेले आहे. शिवाय अनेक निवासांमध्ये तासाच्या हिशेबाने घरच्या माणसांपुरते वेगळे कुंड मिळते. हे वाचून मला इतका आनंद झाला की त्याच क्षणी फोन उचलून आईला सांगावेसे वाटले.

मग त्या पाण्याचीच काळजी वाटू लागली. कुसात्सुचे पाणी विलक्षण आम्ल आहे, त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो. या आम्ल पाण्यामुळे खालच्या नद्यांमध्ये मासे जगत नव्हते आणि पुलांचे काँक्रीटही टिकत नव्हते, म्हणून १९६४ पासून तिथे नदीत चुनखडीची भुकटी कालवलेले पाणी सतत सोडले जाते. शेकाने हुळहुळलेल्या कातडीला असे पाणी कसे सोसेल? पूर्वी कुसात्सुला दीर्घ उपचार घेतलेले लोक परतीच्या वाटेवर सावातारी किंवा शिमा इथल्या सौम्य झऱ्यांवर थांबत आणि पोळलेली कातडी तिथे निववून मग घरी जात. एका डोंगराने दिलेली आग दुसऱ्या डोंगराने शमवावी, ही सोय मला फार मायेची वाटली. शिमा तिथून फार लांब नाही. नदीकाठचे अरुंद गाव आहे, पलीकडे रस्ता डोंगरातच संपतो, आणि तिथले पाणी लोक पितातसुद्धा. सेकिझेंकान या तिथल्या निवासाची मूळ लाकडी इमारत १६९१ सालची आहे.

वाचता वाचता कुसात्सुविषयी आणखी एक गोष्ट कळली आणि मी बराच वेळ तिथेच थांबले. तिथल्या पाण्याने कुष्ठरोग बरा होतो असा समज असल्यामुळे देशभरातून रोगी त्या गावी येत असत. १८८७ मध्ये त्यांच्यासाठी गावापासून वेगळी, युनोसावा नावाची वस्ती झाली. तिथे त्यांची स्वतःची घरे, दुकाने आणि आंघोळीची कुंडे होती. १९३२ मध्ये जवळच कुर्यु राकुसेन-एन ही सरकारी वसाहत सुरू झाली आणि पुढे युनोसावा मोडून माणसे तिकडे हलवण्यात आली. रोगावर औषध आल्यानंतरही त्यांना वेगळे ठेवणारा कायदा १९९६ पर्यंत कायम होता. आईच्या दुखण्याशी याची तुलना होऊ शकत नाही, आणि मला ती करायचीही नाही. एवढेच मनात येते की त्या माणसांना दुसऱ्यांनी गावापासून दूर नेले आणि आई मात्र आपण होऊन पाण्यापासून दूर राहते आहे. तिला कुणी अडवले असते तर मी भांडले असते. इथे भांडायचे कुणाशी?

संध्याकाळी तांदूळ धुताना आईच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आठवला. ती नुसतेच येणार नाही असे म्हणाली नव्हती, डोंगर बघेन असे म्हणाली होती. आईला खिडकीशी रिकामी बसलेली मी जन्मात पाहिलेले नाही. बसली तरी मांडीवर निवडायची भाजी असायची किंवा बाबांच्या सदऱ्याचे बटण. ऑक्टोबरात त्या डोंगरांवरची झाडे लाल-पिवळी झालेली असतात, आणि चहाचा पेला हातात घेऊन, कुणाचेही काही न करता, तासभर त्यांच्याकडे बघत राहावे एवढीच तिची इच्छा असेल, तर ती इच्छाही पाण्यात उतरण्याइतकीच खरी आहे. मला तिला उन्हवऱ्याच्या पायरीवर पुन्हा बघायचे आहे, ही ओढ माझी आहे. ती तिने पुरी करावी असे काही नाही. हे लिहिताना अजूनही थोडे दुखते, पण सकाळइतके नाही.

कुसात्सुला एकच रात्र आणि शिमाला दोन, असे आता ठरवले आहे. आईच्या डॉक्टरांना दोन्ही पाण्यांविषयी विचारायचे काम मावशीकडे दिले आहे. शिमाला नदीच्या बाजूची खोली मागितली आहे, कारण तिथे खिडकीशी रुंद खुर्च्या असतात. खासगी कुंडाची एक वेळही राखून ठेवली आहे. त्या वेळेला तिला वाटले तर ती जाईल, नाहीतर चिनू आणि मी जाऊ. ते वस्त्र मागवून बॅगेच्या तळाशी ठेवणार आहे आणि त्याविषयी मी आपणहून बोलणार नाही. जेवणाचे मात्र आजच लिहायला हवे, कारण भाजीच्या रश्शालासुद्धा इथे सुक्या माशाच्या पाण्याची फोडणी असते आणि निवासाला आधी कळवले तरच ते वेगळे करतात.

रात्री आईचा पुन्हा फोन आला. मी युबाताकेच्या काठी असलेल्या पाय बुडवायच्या जागेचा फोटो तिला पाठवला होता. तो बघून तिने विचारले की तिथे साडी पोटरीपर्यंत वर धरून बसले तर कुणी काही म्हणेल का. मी सांगितले की सगळे तसेच बसतात. मग ती म्हणाली, “पंचा इथूनच आणते, तिथले फार लहान असतात असं चिनू म्हणत होती.”